‘एकमताने’ नव्हे, ‘पूर्ण विश्वासाने’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात गेले काही दिवस भारतीय आणि अमेरिकी राज्यघटनांच्या तुलनेवरून वाद रंगला आहे. दोन्ही बाजूंच्या पत्रलेखकांनी एक गोष्ट मात्र न भांडता मान्य करून टाकली आहे : अमेरिकेच्या घटनाकारांनी १७८७ साली नागरिकांना मूलभूत हक्क बहाल केले आणि तेरा राज्यांनी ती घटना एकमताने स्वीकारली. स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांतही हे वाक्य या ना त्या रूपात सापडते. त्याचे पहिले अर्धे चूक आहे आणि दुसरेही. चूक किरकोळ असती तर पत्र लिहिण्याचा खटाटोप केला नसता. पण घटनाकारांना हक्कांची सनद (सरकारने मोडू नयेत अशा नागरिकांच्या हक्कांची लेखी यादी) नको होती, ती विरोधकांनी मतांच्या हिशेबात अडवून पदरात पाडून घेतली, ही बाब वगळली तर त्या सगळ्या वादाला अर्थच उरत नाही.

फिलाडेल्फियातली घटना परिषद २५ मे ते १७ सप्टेंबर १७८७ चालली. काम संपत आले असताना १२ सप्टेंबरला व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन उठले आणि म्हणाले की आरंभी हक्कांची सनद असती तर लोकांचे समाधान झाले असते; राज्यांच्या सनदी समोर ठेवल्या तर मसुदा काही तासांत तयार होईल. हा माणूस हवेत बोलत नव्हता. १७७६ साली व्हर्जिनियाची हक्कांची घोषणा मुख्यतः त्यांनीच लिहिली होती. मॅसॅच्युसेट्सच्या एल्ब्रिज गेरींनी त्यासाठी समिती नेमण्याचा ठराव मांडला, मेसन यांनी अनुमोदन दिले. कनेक्टिकटचे रॉजर शर्मन यांचे उत्तर असे : राज्यांच्या सनदी ही घटना रद्द करत नाही, त्या पुरेशा आहेत. मतदान राज्यवार होते. हजर दहा राज्यांपैकी एकानेही ठरावाच्या बाजूने मत दिले नाही. एकमत झाले म्हणायचेच असेल तर ते इथे झाले, आणि तेही हक्कांच्या सनदीविरुद्ध.

त्या नकारामागे दुष्टपणा शोधायचे कारण नाही. जवळजवळ चार महिने बंद दाराआड बसून कंटाळलेल्या मंडळींना घरचे वेध लागले होते. नवा विषय उघडला की नवे भांडण, ही भीतीही होती. पण शर्मन यांचे कारण त्यांच्याच मसुद्यापुढे टिकत नव्हते. सहाव्या अनुच्छेदाने केंद्राचा कायदा हा देशाचा सर्वोच्च कायदा ठरवला होता आणि राज्याच्या घटनेत वा कायद्यात काहीही विरुद्ध असले तरी न्यायाधीशांनी तोच पाळायचा होता. मग राज्याच्या सनदीने केंद्राला आवर कसा बसणार? शिवाय सगळ्या राज्यांकडे सनद होती असेही नाही. खुद्द शर्मन यांचे कनेक्टिकट जुन्या राजसनदेवरच कारभार करत होते. मेसन, गेरी आणि व्हर्जिनियाचेच एडमंड रँडॉल्फ हे तिघे शेवटच्या दिवशी सभागृहात बसून राहिले, पण त्यांनी सही केली नाही. एकोणचाळीस जणांनी केली.

आता मंजुरीच्या रीतीकडे वळू, कारण खरी मेख तिथे आहे. तेव्हा अमलात असलेल्या जुन्या संघराज्य करारात बदल करायचा तर काँग्रेसबरोबर (म्हणजे तिथल्या केंद्रीय प्रतिनिधी सभेबरोबर) तेराही राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागे. परिणाम काय व्हायचा, ते आयात कराच्या प्रकरणात दिसले होते : १७८१चा प्रस्ताव एकट्या ऱ्होड आयलंडने बुडवला, १७८३चा न्यूयॉर्कने. म्हणून नव्या घटनेच्या सातव्या अनुच्छेदात वेगळीच रीत लिहिली. नऊ राज्यांची मंजुरी पुरेशी, आणि ती विधिमंडळांनी नव्हे तर त्यासाठीच निवडलेल्या खास परिषदांनी द्यायची. विधिमंडळे टाळण्याची दोन कारणे होती. एक उघड : ज्यांचे अधिकार कमी होणार, त्यांच्याकडेच दान मागायचे नाही. दुसरे जास्त मोलाचे : विधिमंडळाने केलेली गोष्ट पुढचे विधिमंडळ मोडू शकते, लोकांनी खास निवडलेल्या परिषदेची मोहोर असेल तर ती साध्या कायद्याने पुसता येत नाही. जुन्या कराराच्या दृष्टीने मात्र ही सरळसरळ बगल होती, आणि विरोधकांनी तसे तोंडावर सांगितले.

काँग्रेसमध्ये व्हर्जिनियाचे रिचर्ड हेन्री ली यांनी हक्कांची कलमे जोडूनच मसुदा राज्यांकडे पाठवावा असा प्रयत्न केला. तो फसला. २८ सप्टेंबरला काँग्रेसने शिफारसही न करता आणि विरोधही न नोंदवता मसुदा पुढे धाडला. त्याच सुमारास पेनसिल्वेनियात घाई इतकी होती की परिषद बोलावण्याचा ठराव रोखण्यासाठी विधानसभेतले एकोणीस विरोधी सदस्य गैरहजर राहिले. गणपूर्तीला ४६ हवेत, हजर ४४. दुसऱ्या दिवशी जमावाने दोन सदस्यांना राहत्या जागेवरून ओढत सभागृहात आणून बसवले आणि गणपूर्ती झाली! त्यातल्या एकाने गैरहजेरीचा दंड भरतो, मला जाऊ द्या, असेही म्हणून पाहिले. पक्षांतराच्या आणि हॉटेलमुक्कामाच्या बातम्या वाचणाऱ्या मराठी वाचकाला हे परके वाटू नये.

याच फिलाडेल्फियात ६ ऑक्टोबर १७८७ रोजी घटना परिषदेतले एक सदस्य जेम्स विल्सन यांनी सनद का नको, याचे असे उत्तर दिले की पुढे समर्थकांनी जागोजागी तेच वापरले. राज्यांच्या घटनांत जे अधिकार काढून ठेवलेले नाहीत, ते सरकारकडे जातात. केंद्रात उलट आहे, जे दिलेले नाही ते लोकांकडेच राहते. वृत्तपत्रांवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार केंद्राला दिलेलाच नाही, मग वृत्तपत्रस्वातंत्र्याची हमी कशाला? न्यूयॉर्कचे अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी घटनेच्या समर्थनार्थ ‘पब्लियस’ या टोपणनावाने निघालेल्या ८५ निबंधांपैकी ८४ व्यात हाच मुद्दा आणखी ताणला : अशी यादी अनावश्यकच नव्हे, धोक्याचीही आहे. ‘अमुक करू नये’ असे लिहिले की कुणीतरी म्हणणार, म्हणजे ते करण्याचा अधिकार मुळात होता तर!

युक्तिवाद बुद्धिमान आहे यात शंका नाही. पण विरोधकांनी तो जिथे पकडला ती जागा नेमकी होती, आणि मला त्यांचेच म्हणणे पटते. न्यूयॉर्कमध्ये ‘ब्रुटस’ या नावाने लिहिणाऱ्या लेखकाने विचारले, दिलेले नाही ते आपोआप राखीवच असेल, तर पहिल्या अनुच्छेदाच्या नवव्या कलमात हेबियस कॉर्पस (अटकेतल्या माणसाला न्यायालयापुढे आणायला लावणारा हक्क) तहकूब करू नये, पूर्वलक्षी फौजदारी कायदा करू नये, सरदारक्या वाटू नयेत, हे कशासाठी लिहिले? सरदारक्या वाटण्याचा अधिकार कुठे दिला होता? एक तर ही मनाई फिजूल आहे, नाहीतर न लिहिलेल्या गोष्टींबद्दल मनाई नाही. दुसरे असे की तिसऱ्या अनुच्छेदात फौजदारी खटल्यात ज्यूरी (निवाडा देणारे सामान्य नागरिकांचे पंच) आहे, दिवाणी खटल्यात नाही. राज्याराज्यांच्या पद्धती वेगळ्या, म्हणून लिहिले नाही, हे समर्थकांचे उत्तर. मग न लिहिलेले राखीव आहे की गेले? याला सरळ उत्तर कुणाकडे नव्हते.

आणि ‘अधिकारच दिलेला नाही’ हेही पुरते खरे नव्हते. केंद्राला कर बसवण्याचा अधिकार होता आणि दिलेले अधिकार अमलात आणण्यासाठी ‘आवश्यक व योग्य’ असे सर्व कायदे करण्याचाही. आता हे दोन्ही जोडून पाहा. छापील कागदावर कर लावला तर तो कर कायदेशीर, आणि त्याने वृत्तपत्र बुडाले तर? ब्रिटिशांच्या १७६५च्या मुद्रांक कायद्याने वृत्तपत्रांवर असाच कर लादला होता. ती जखम जेमतेम बावीस वर्षांची होती. अबकारी वसूल करणारा शिपाई कुणाच्याही तळघरात शिरू शकेल असा सरसकट झडतीचा हुकूम काढला, तर तो वसुलीसाठी ‘आवश्यक’ नाही असे कोण सांगणार? हक्कावर घाला घालण्याचा अधिकार कुणी मागून घेत नाही. तो कर, संरक्षण, सुव्यवस्था अशा साध्या अधिकारांच्या पोटातून येतो.

पहिली पाच राज्ये भराभर झाली. डेलावेअर ७ डिसेंबरला, ३० विरुद्ध शून्य. पेनसिल्वेनिया ४६ विरुद्ध २३. तिथल्या विरोधकांनी मांडलेल्या दुरुस्त्या परिषदेच्या नोंदवहीत घेण्याचेही बहुमताने नाकारले, म्हणून त्यांनी आपले भिन्नमत छापून वाटले, आणि ते देशभर वाचले गेले. नोंदवही बंद केली की मत दबत नाही, ते छापखान्यात जाते. न्यू जर्सी आणि जॉर्जियात एकही विरोधी मत नाही. कनेक्टिकट १२८ विरुद्ध ४०.

गाडी अडली ती मॅसॅच्युसेट्सला. आदल्याच वर्षी शेतकऱ्यांचे शेज यांच्या नावाने ओळखले जाणारे बंड तिथे मोडून काढले होते आणि पश्चिमेकडच्या खेड्यांना बोस्टनच्या व्यापाऱ्यांवर काडीचा विश्वास नव्हता. परिषद जानेवारी १७८८ मध्ये भरली तेव्हा समर्थकांकडे बहुमत नव्हते. अध्यक्षपदी लोकप्रिय राज्यपाल जॉन हँकॉक. पण संधिवाताने पाय सुजल्यामुळे ते सुरुवातीला सभेला आलेच नाहीत. वारा कुठून वाहतो ते कळेपर्यंत हे दुखणे बरे होणार नाही, असा त्यांच्या समकालीनांना संशय होता. समर्थकांनी त्यांना पुढच्या निवडणुकीत पाठिंबा देऊ केला, आणि ३१ जानेवारीला हँकॉक यांनी सभेपुढे तोडगा ठेवला : घटना बिनशर्त मंजूर करायची, पण सोबत नऊ दुरुस्त्यांची शिफारस जोडायची, आणि आपल्या प्रतिनिधींना बजावायचे की पहिल्या काँग्रेसमध्ये त्या मंजूर करून घेण्यासाठी सगळे वजन खर्च करा. सॅम्युएल ॲडम्स यांनी पाठिंबा दिला. ६ फेब्रुवारीला निकाल लागला, १८७ विरुद्ध १६८. दहा माणसांनी बाजू बदलली असती तर १७७ विरुद्ध १७८ होऊन घटना तिथेच पडली असती.

त्या नऊ दुरुस्त्या कुणी मुळातून वाचल्या तर थोडा विरस होईल. त्यात वृत्तपत्रस्वातंत्र्य नाही, धर्मस्वातंत्र्य नाही. बहुतेक भर केंद्राचे अधिकार छाटण्यावर आहे. व्यक्तीच्या हक्कांपैकी ठळक दोनच, गंभीर गुन्ह्यात ग्रँड ज्यूरीशिवाय (खटला भरण्याइतका पुरावा आहे का, ते आधी ठरवणाऱ्या नागरिकांशिवाय) खटला नको आणि दिवाणी खटल्यात ज्यूरी हवी. म्हणजे मॅसॅच्युसेट्सने सनद दिली नाही. तिने दिली ती रीत. यानंतर मंजुरी देणाऱ्या सात राज्यांपैकी मेरीलँड सोडून सर्वांनी शिफारशी जोडल्या, आणि न्यू हॅम्पशायर, व्हर्जिनिया, न्यूयॉर्कच्या याद्यांत व्यक्तीचे हक्क ठसठशीत येऊ लागले.

‘शिफारस’ आणि ‘अट’ यांतला फरक वाटतो त्यापेक्षा फार मोठा आहे, आणि आपल्या सदरातल्या वादात त्याचा पत्ताच नाही. अट घालून मंजुरी म्हणजे काय? न्यूयॉर्कची अट एक, व्हर्जिनियाची दुसरी. कुणाची अट पुरी झाली हे ठरवणार कोण? अट पुरी होईपर्यंत ते राज्य संघात आहे की बाहेर? त्याचे प्रतिनिधी काँग्रेसमध्ये बसणार का? आणि आधी मंजुरी दिलेल्या राज्यांनी तर त्या अटीसह घटना मंजूर केलेलीच नाही, म्हणजे त्यांना पुन्हा परिषदा भरवाव्या लागणार. आधी दुरुस्ती, मग मंजुरी, या मागणीचा व्यवहारातला अर्थ सगळे पहिल्यापासून, असाच होता. समर्थकांना तेच नको होते आणि विरोधकांपैकी काहींना तेच हवे होते. शिफारशीची अडचण उलट बाजूची : एकदा मंजुरी हातात पडली की शिफारस कचऱ्याच्या टोपलीत टाकायला कोण अडवणार? व्हर्जिनियातल्या विरोधकांचे पुढारी पॅट्रिक हेन्री यांचा रिचमंडमधल्या तिथल्या परिषदेतला सगळा भडिमार याच मुद्द्यावर होता. आधी करारावर सही करायची आणि मग कलमे बदलायला बसायचे, असा व्यवहार शहाणा माणूस घराच्या खरेदीतही करत नाही.

व्हर्जिनियाच्या परिषदेत २५ जून १७८८ रोजी आधी ‘पूर्वदुरुस्ती’ची सूचना मताला आली आणि ८० विरुद्ध ८८ ने पडली, मग मंजुरी ८९ विरुद्ध ७९ ने. सही नाकारणारे रँडॉल्फ या वेळी समर्थकांकडून बोलले. आठ राज्ये झाली आहेत, आता प्रश्न संघ राहतो की मोडतो एवढाच आहे, हे त्यांचे कारण. नववे राज्य न्यू हॅम्पशायर चारच दिवस आधी, २१ जूनला ५७ विरुद्ध ४७ ने आत आले होते, पण ती बातमी रिचमंडला पोचलेली नव्हती. तारयंत्र नसलेल्या काळातले राजकारण असे चालते.

न्यूयॉर्कमध्ये तर विरोधक ४६ आणि समर्थक १९ असे निवडून आले होते. पकिप्सीच्या परिषदेत हॅमिल्टन कितीही बोलले तरी हे गणित भाषणाने सुटणारे नव्हते. ते सोडवले बाहेरच्या बातम्यांनी. आधी न्यू हॅम्पशायर, मग २ जुलैला व्हर्जिनिया. आता प्रश्न ‘घटना हवी का’ असा न राहता ‘एकटे राहायचे का’ असा झाला. तरी विरोधक ‘अमुक दुरुस्त्या होतील या अटीवर’ असे शब्द मंजुरीच्या ठरावात घालू पाहत होते. ठरावीक मुदतीत दुरुस्त्या झाल्या नाहीत तर बाहेर पडण्याचा हक्क राखून ठेवण्याचीही टूम निघाली. हॅमिल्टन यांनी व्हर्जिनियातले समर्थकांचे पुढारी जेम्स मॅडिसन यांना पत्राने विचारले, असे चालेल का? उत्तर आले, मंजुरी संपूर्ण आणि कायमचीच असली पाहिजे. शेवटी विरोधकांमधलेच सॅम्युएल जोन्स आणि मेलँक्टन स्मिथ पुढे आले. ‘या अटीवर’ हे शब्द खोडून तिथे ‘या पूर्ण विश्वासाने’ असे घातले गेले. २६ जुलैला ३० विरुद्ध २७ मतांनी मंजुरी मिळाली. त्याची किंमत म्हणून सर्व राज्यांना एक परिपत्रक गेले : दुसरी घटना परिषद बोलवा.

मॅसॅच्युसेट्समध्ये दहा, व्हर्जिनियात सहा, न्यूयॉर्कमध्ये दोन. एवढी अठरा माणसे पलीकडे गेली असती तर तिन्ही राज्यांचा निकाल उलटला असता. नॉर्थ कॅरोलिनाने तर ऑगस्ट १७८८ मध्ये हक्कांची घोषणा आधी हवी म्हणून १८४ विरुद्ध ८४ मतांनी मंजुरी रोखून धरली. ऱ्होड आयलंडने परिषदच न बोलावता गावोगावच्या सभांत मतदान घेतले. समर्थकांनी बहिष्कार टाकला, आणि विरोधात सत्तावीसशेच्या वर मते पडली, बाजूने अडीचशेहून कमी. वॉशिंग्टन यांनी ३० एप्रिल १७८९ रोजी पहिले अध्यक्ष म्हणून शपथ घेतली तेव्हा ही दोन्ही राज्ये संघाबाहेर होती.

मॅडिसन यांच्याबद्दल आपल्याकडे ‘हक्कांच्या सनदीचे जनक’ असे लिहितात. बाप खरा, पण मूल नको म्हणणारा. ऑक्टोबर १७८८ मध्ये पॅरिसला अमेरिकेचे राजदूत असलेल्या थॉमस जेफरसन यांना त्यांनी लिहिले की कागदी बांध बहुमताच्या लोंढ्यापुढे टिकत नाहीत, हे प्रत्येक राज्यात दिसले आहे. धोका सरकारने लोकांवर जुलूम करण्याचा कमी आणि बहुसंख्याकांनी सरकारला हत्यार बनवण्याचा जास्त. हे निदान आजही ताजे आहे. जेफरसन यांचे उत्तर दोन गोष्टींत सांगता येते : सनद न्यायालयांच्या हातात कायद्याचे शस्त्र देते, आणि पूर्ण पाव मिळत नसेल तर अर्धा सोडू नये.

पण मॅडिसन यांचे मत वळवले ते पत्राने की निवडणुकीने, हे सांगणे कठीण नाही. हेन्री यांच्या वर्चस्वाखालच्या विधिमंडळाने त्यांना सिनेटवर जाऊ दिले नाही. प्रतिनिधिगृहासाठी त्यांच्यासमोर जेम्स मन्रो उभे राहिले, आणि मतदारसंघात बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाची वस्ती मोठी. व्हर्जिनियात त्यांच्या उपदेशकांनी अँग्लिकन राजवटीत तुरुंग भोगला होता, त्यामुळे धर्मस्वातंत्र्य लेखी हवे हा त्यांचा हट्ट होता. जानेवारी १७८९ मध्ये मॅडिसन यांनी एका बाप्टिस्ट उपदेशकाला पत्र लिहून दुरुस्त्या करण्याची हमी दिली आणि २ फेब्रुवारीला १३०८ विरुद्ध ९७२ मतांनी निवडून आले. मला यात काही कमीपणा दिसत नाही. निवडणुकीतले आश्वासन पाळणारा राजकारणी हा विषय मराठी वाचकांनी कौतुकाने वाचावा असाच आहे.

८ जून १७८९ रोजी त्यांनी प्रस्ताव मांडले. काय घेतले आणि काय वगळले, इथे त्यांची खरी हुशारी आहे. राज्यांच्या याद्यांतली केंद्राचे हातपाय बांधणारी कलमे, म्हणजे आधी राज्यांकडे पैशांची मागणी केल्याशिवाय प्रत्यक्ष कर नको, शांततेच्या काळात दोन तृतीयांश मतांशिवाय खडी फौज नको, ही त्यांनी गाळली. व्यक्तीच्या हक्कांची घेतली. दुसऱ्या परिषदेची हवा त्यामुळे गेली. साउथ कॅरोलिनाचे एडेनस बर्क यांनी चिडून म्हटले की देवमाशाचे लक्ष वळवायला खलाशी रिकामे पिंप फेकतात, त्यातला हा प्रकार. राज्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्यांच्या दृष्टीने ते बरोबर होते. दहाव्या दुरुस्तीत ‘न दिलेले अधिकार राज्यांकडे वा लोकांकडे’ असे आहे. त्यात ‘स्पष्टपणे’ हा शब्द घालावा, जुन्या करारात तो होता, अशी सूचना आली आणि पडली. एका शब्दाची ती हार किती महाग पडली, ते १८१९ साली मॅकुलॉक खटल्यात दिसले. घटनेत उल्लेख नसलेली राष्ट्रीय बँक वैध ठरवताना सर्वोच्च न्यायालयाने याच गाळलेल्या शब्दावर बोट ठेवले.

नववी दुरुस्ती मात्र थेट विल्सन-हॅमिल्टन यांना दिलेले उत्तर आहे : काही हक्क इथे नमूद केले म्हणून लोकांचे बाकीचे हक्क नाकारले असे समजू नये. विरोधी पक्षाच्या आक्षेपातून कलम तयार होण्याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे मला माहीत नाही. मॅडिसन यांना या दुरुस्त्या घटनेच्या मजकुरात जागोजागी विणायच्या होत्या. शर्मन अडून बसले की मूळ दस्तऐवजाला हात नको, शेवटी वेगळ्या जोडा. त्यांचे चालले. ज्यांना सनदच नको होती त्यांच्याच आग्रहामुळे ती सुटी, ठळक, पाठ करता येण्यासारखी झाली.

प्रतिनिधिगृहाने सतरा मंजूर केल्या, सिनेटने बारा केल्या, २५ सप्टेंबर १७८९ रोजी त्या राज्यांकडे गेल्या, आणि १५ डिसेंबर १७९१ रोजी व्हर्जिनियाच्या संमतीने दहा अमलात आल्या. पहिल्या दोन पडल्या होत्या. म्हणून आज जी ‘पहिली दुरुस्ती’ म्हणून गाजते ती यादीत तिसरी होती. महत्त्वामुळे तिला पहिला क्रमांक दिला, ही समजूत चुकीची. सदस्यांच्या मानधनाबद्दलची पडलेली दुरुस्ती १९९२ साली, दोनशेहून अधिक वर्षांनी, सत्ताविसावी म्हणून मंजूर झाली.

सिनेटने गाळलेले एक कलम मॅडिसन सर्वांत मोलाचे मानत : कोणतेही राज्य सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य, वृत्तपत्रस्वातंत्र्य आणि फौजदारी खटल्यातील ज्यूरी यांचा भंग करणार नाही. ते गेले, आणि १८३३ साली बॅरन विरुद्ध बाल्टिमोर या खटल्यात त्याचा हिशेब चुकता झाला. शहराच्या कामांमुळे धक्क्याजवळ गाळ साचून धंदा बसलेल्या मालकाने पाचव्या दुरुस्तीखाली भरपाई मागितली. सरन्यायाधीश जॉन मार्शल, जे स्वतः रिचमंडच्या परिषदेत समर्थक म्हणून बोलले होते, त्यांनी सांगितले की सनद फक्त केंद्राला बांधते, राज्यांना नाही. त्याआधीच, सनद मंजूर होऊन सात वर्षे व्हायच्या आत, १७९८च्या राजद्रोह कायद्याखाली काँग्रेस सदस्य मॅथ्यू लायन यांना सरकारवरील टीकेसाठी चार महिने तुरुंग आणि हजार डॉलर दंड झाला होता. कागदी बांधांबद्दलची मॅडिसन यांची शंका खरी ठरली. (मतदारांनी लायन यांना तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून दिले.)

आणि गुलामगिरी? गुलामांच्या आयातीला १८०८ पर्यंत अभय आणि प्रतिनिधित्व मोजताना गुलाम म्हणजे तीन पंचमांश माणूस, हे मूळ घटनेत होते. दहापैकी एकाही दुरुस्तीने त्याला हात लावला नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला तो गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना. त्यांचे काम गुलामगिरी संपवणाऱ्या १८६५च्या तेराव्या दुरुस्तीचे. १७८८च्या मंडळींचे नव्हे.

राज्यांनाही हक्क बंधनकारक व्हायला १८६८ची चौदावी दुरुस्ती यावी लागली, आणि भाषणस्वातंत्र्याबाबत तर १९२५चा गिटलो खटला. आपल्या वादाला हा खटला जवळचा आहे, कारण ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचाच आधार घेतला. भारतीय मसुद्यातले हक्क अपवादांनी पोखरलेले आहेत, अमेरिकेतले मात्र निरपवाद, या टीकेला त्यांनी उत्तर दिले की अमेरिकेतही हक्क निरपवाद नाहीत. तिथे मर्यादा न्यायालये शोधून काढतात, आपण त्या घटनेतच लिहितो. न्यायालयाने हक्क राज्यांना लागू मानूनही गिटलोची शिक्षा कायम ठेवली, तो स्वतः खटला हरला होता, हे ध्यानात घेतले की बाबासाहेबांचा नेम किती अचूक होता ते कळते. जेफरसन यांनी पत्रात सांगितलेले न्यायालयाचे शस्त्र आपल्या घटनेने अनुच्छेद ३२ मध्ये हक्कांच्याच यादीत बसवले. तो घटनेचा आत्मा आहे, असे बाबासाहेब ९ डिसेंबर १९४८ रोजी म्हणाले.

आपल्या घटनेला मात्र प्रांतांच्या मंजुरीची पायरी नव्हती. संविधान सभेने २६ नोव्हेंबर १९४९ रोजी ती स्वीकारली, तेवढ्यावर ती झाली. घटनादुरुस्तीत राज्यांची संमती लागते ती अनुच्छेद ३६८च्या परंतुकातल्या बाबींनाच : राष्ट्रपतींची निवडणूक, केंद्र-राज्य अधिकारवाटप, उच्च न्यायालये, संसदेतील राज्यांचे प्रतिनिधित्व आणि तत्सम. तिथे निम्म्या विधिमंडळांचे ठराव हवेत. मूलभूत हक्कांचा तिसरा भाग त्या यादीत नाही. १९५१ची आपली पहिली दुरुस्ती पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या आधी, हंगामी संसद म्हणून बसलेल्या त्याच सभेने केली. भाषणस्वातंत्र्यावर सुव्यवस्था, परराष्ट्रांशी मैत्री आणि गुन्ह्यास चिथावणी ही बंधने तिने आणली, तशी ‘वाजवी’ हा शब्दही तिनेच घातला, ज्याच्या आधारे न्यायालये आजही ती बंधने तपासतात. हक्कांत बदल करायला राज्यांना विचारावे की नाही, यावर आपल्या सदरात कुणी लिहिले तर वाद पुढे सरकेल.

तूर्त एवढी दुरुस्ती छापावी ही विनंती : अमेरिकेची घटना ‘एकमताने’ स्वीकारणारी राज्ये तेरा नव्हेत, तीन होती, डेलावेअर, न्यू जर्सी आणि जॉर्जिया. शेवटचे ऱ्होड आयलंड. त्याच्याशी व्यापार तोडण्याचे विधेयक सिनेटने मंजूर केल्यावर २९ मे १७९० रोजी ते आत आले, ३४ विरुद्ध ३२ मतांनी.

आपला,
राज्यशास्त्राचा एक शिक्षक, सातारा